जिंकत असताना ती बरोबरी का मागते?

प्रिय ताई,

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत शिकते. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. तिच्या बाबांनीच तिला सहाव्या वर्षी बुद्धिबळ शिकवलं. तिला ते मनापासून आवडतं, निदान आवडायचं. गेल्या वर्षी रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, मिळालं आणि तेव्हापासून घरातली हवाच बदलली. रविवारी कधी ठाण्यात, कधी वाशी-नेरूळला स्पर्धा असते. हे हॉलच्या दाराशीच उभे राहतात. डाव संपला की पहिला प्रश्न, "काय झालं?" हरली असेल तर घरी पोचेपर्यंत गाडीत उलटतपासणी.

मागच्या महिन्यात नेरूळला समोरच्या मुलाने हात लावलेला घोडा तसाच ठेवून प्यादं पुढे केलं, तर हे दारातूनच "टच मूव्ह!" म्हणून ओरडले. पंचांनी त्यांना बाहेर काढलं. लेक मान खाली घालून बसली होती. आता ती चांगला डाव असतानाही पंधराव्या-विसाव्या चालीला बरोबरी मागते. तिचे सर म्हणतात, पटावर ती चक्क जिंकत होती. एकदा तर हरून आली आणि "ड्रॉ झाला" म्हणाली. ह्यांनी मोबाइलवर निकाल पाहिला, पुढे घरात जे झालं ते लिहवत नाही. रविवारी सकाळी तिच्या पोटात दुखतं. रेटिंग १४६० वरून १४१५ वर आलंय. १४०० च्या खाली गेलं की सगळी मेहनत पाण्यात, असं हे म्हणतात. "नागपूरची दिव्या करू शकते तर आपली का नाही?" हे रोजचं. अकरा वर्षांखालच्या जिल्हा निवड स्पर्धेचा फॉर्म भरायची वेळ आली आहे. भरू, की खेळच बंद करू? मला स्वतःला घोडा कसा चालतो एवढंच कळतं.

— एक आई, ठाणे पश्चिम


ताई,

खेळ बंद करू नका. फॉर्मचं शेवटी बोलू, कारण त्याचं उत्तर मधल्या गोष्टींवर अवलंबून आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते बरोबरीनं. पोटदुखी पुष्कळ मुलांना होते आणि दारात उभे राहणारे बाबा प्रत्येक स्पर्धेला दिसतात. पण जिंकत असलेला डाव दहा वर्षांची मुलगी अर्ध्या गुणावर का सोडते? बरोबरी मागायची तर आधी आपली चाल करायची, मग समोरच्याला विचारायचं आणि नंतर घड्याळ दाबायचं, असा नियम आहे. म्हणजे ती घाबरून पटावरून उठून जात नाही. शांतपणे, रीतसर, नियमाप्रमाणे जिंकायची संधी परत करते. एवढ्या शिस्तीनं मूल एखादी गोष्ट वारंवार करतं तेव्हा त्यामागे त्याचा हिशेब असतो.

तो हिशेब तुमच्याच पत्रात आहे. हरल्यावर गाडीत उलटतपासणी होते. जिंकल्यावर काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज असा की कौतुक होतं आणि लगेच पुढच्या फेरीचं बोलणं सुरू होतं, कारण स्पर्धेत जिंकलेल्याला पुढचा प्रतिस्पर्धी अधिक तगडा मिळतो. बरोबरी झाली की मात्र बाबा थोडे हिरमुसतात आणि विषय संपतो. मुलीनं तीनही निकालांची किंमत मोजली आणि सगळ्यात स्वस्त पडणारा निवडला. हरून आल्यावर तिच्या तोंडून जो शब्द गेला तोही "ड्रॉ" हाच. तिचा आसरा तोच आहे, पटावरही आणि घरातही. म्हणून या दोन वेगळ्या तक्रारी समजू नका. आणि "ती खोटं बोलायला लागली" हे तर मनातूनच काढून टाका. तिला भीती वाटतेय.

हे सरांच्या हाताबाहेरचं आहे. ते तिला एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, शिकवतील, वरचढ डाव कसा आवळत न्यायचा ते दाखवतील, पण तिचा प्रश्न त्या चौसष्ट घरांत नाही. काही स्पर्धांत ठरावीक, समजा तीस, चालींआधी बरोबरी मागायला मनाई असते. तशा स्पर्धेत घातलंत तर ती एकतिसाव्या चालीला मागेल, इतकाच फरक पडेल.

म्हणून पहिलं काम घरात, आणि ते तिच्या बाबांनी करायचं. एका साध्या संध्याकाळी, स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, त्यांनी तिला जवळ घेऊन सांगावं: "त्या दिवशी मी चिडलो, ते चुकलं. तू हरलीस तरी मला सांग. यापुढे हरलीस म्हणून घरात काही होणार नाही." एवढंच. "पण तूही खोटं बोलायला नको होतंस" हे शेपूट जोडू नये. ते जोडलं की मुलीला फक्त शेपूट ऐकू येतं. आणि त्यानंतर खरंच काही होता कामा नये. पुढच्या हरलेल्या डावानंतर ती बाबांच्या तोंडाकडे बघेल. मुलं बोलण्यापेक्षा चेहरा आधी वाचतात. त्या एका वेळी चेहरा सांभाळला तर निम्मं काम झालं असं समजा.

आता हॉलच्या दाराबद्दल. स्पर्धा ठाण्यात शाळेच्या सभागृहात असो की नेरूळच्या एखाद्या क्लबात, दृश्य तेच असतं. फेरी संपायला आली की दारात पालकांची दाटी होते. आतून मूल येतं, ते चार-पाच पावलं आधीच आपलं माणूस शोधतं, आणि त्याच्या कानावर पडणारा पहिला शब्द असतो "जिंकलास?" किंवा "काय झालं?" दोन्हींचा अर्थ मुलाला एकच कळतो. मी अशा हॉलबाहेर पुष्कळ बसले आहे आणि माझं ठाम मत आहे की त्या क्षणी आईबापांनी निकाल विचारूच नये. पाण्याची बाटली हातात द्यावी, पिशवी आपल्या खांद्यावर घ्यावी, "भूक लागलीय का?" म्हणावं. ती सांगेल. काही मुलं दारातच एका श्वासात सगळं सांगतात, काही रात्री जेवताना, काही दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना. ज्या मुलीनं वजीर फुकट घालवलाय तिला ते तुमच्या आधी, तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यानंतरचा अर्धा तास ती त्या चुकीसोबत एकटी बसून खेळलेली असते.

गाडीतल्या उलटतपासणीतून काही साधतही नाही. रॅपिड, म्हणजे झटपट डावांच्या, स्पर्धेत पुढची फेरी थोड्याच वेळात असते, तेवढ्यात कुणाचं ओपनिंग दुरुस्त होत नाही, फक्त मुलगी आधीच्या डावात अडकून पुढच्या पटावर बसते. क्लासिकल, म्हणजे लांब डावांच्या, स्पर्धेत दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी असते, तिथं झोप महत्त्वाची. कुकरची वाफ जिरल्याशिवाय आपण झाकण काढत नाही, डावाचंही तसंच. नोटेशनचा, म्हणजे चाली लिहिलेला, कागद घडी घालून पिशवीत ठेवा. दोन दिवसांनी सरांकडे जाण्याआधी तिनं एकटीनं तो डाव पटावर मांडावा आणि पेन्सिलीनं दोनच खुणा कराव्यात: एक, जिथं तिला काय करावं ते कळलं नाही, दुसरी, जिथं भीती वाटली. ही दुसरी खूण सरांना आवर्जून दाखवायला सांगा. बरोबरी जिथं मागितली, बहुतेक तिथंच ती सापडेल.

मोबाइलवरच्या इंजिनाबद्दलही, म्हणजे डाव तपासणाऱ्या प्रोग्रामबद्दलही, इथंच लिहिते, कारण ह्या उलटतपासणीत ते असणारच. बाबा डाव मोबाइलमध्ये घालतात, पडद्यावर लाल खुणा उमटतात आणि मग "ही चाल तुला दिसली नाही?" सुरू होतं. ती चाल यंत्राला दिसते, कारण ते एका सेकंदात लाखो शक्यता तपासतं. घड्याळात तीन मिनिटं उरलेल्या पाचवीतल्या मुलीला ती दिसायला हवी होती, असं म्हणणं अन्यायाचं आहे. गुकेशसारखा विश्वविजेता सुरुवातीची बरीच वर्षं इंजिनाशिवाय, स्वतःच्या डोक्यानं मोजून शिकला, हे त्याचे तेव्हाचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी वारंवार सांगितलंय. तुमच्या घरी इंजिन सरांच्या हाती राहू द्या.

एक अगदी व्यवहारी सूचना करते. नेरूळ किंवा वाशीची स्पर्धा असली की गाडी घरी ठेवा आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलनं जा. परत येताना खिडकीची जागा तिला द्या. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली जात राहील, समोर अनोळखी माणसं बसलेली असतील आणि भरल्या डब्यात कुणी मुलीची उलटतपासणी घेत नाही. बंद गाडीत पुढच्या सीटवरून येणारा आवाज टाळायला मुलाला कुठं जागाच नसते.

आता ते "टच मूव्ह!" तुमचे मिस्टर नियमानं बरोबर होते, हे मी मान्य करते. त्या मुलानं चालण्यासाठी घोड्याला हात लावला असेल तर घोडाच चालायला हवा होता. पण पंचांनी त्यांना बाहेर काढलं तेही नियमाप्रमाणेच. जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या नियमांत स्पष्ट आहे की कुणाला नियमभंग दिसला तर त्यानं तो फक्त पंचांना सांगायचा. प्रेक्षकानं डावात ढवळाढवळ केली तर पंच त्याला खेळण्याच्या जागेतून बाहेर काढू शकतात. आणि खेळाडूला डावादरम्यान कुणाचाही सल्ला घ्यायला बंदी आहे. आज "टच मूव्ह" होतं, उद्या दारातून नुसती भुवई उंचावली तरी समोरच्या मुलाचे पालक म्हणतील की बाबा खुणा करतात. तो डाग मुलीला लागतो. ती मान खाली घालून बसली होती ती त्यामुळेच.

तिचा हक्क तिनंच मागायचा असतो आणि तो मागायला शिकवता येतं. इथं मला तिच्या बाबांची खरी गरज वाटते. घरी पट मांडा, घड्याळ लावा, आणि बाबांनी मुद्दाम लबाड खेळाडू व्हावं. घोड्याला हात लावून उंट चालावा. राजाला शह असताना भलतीच चाल करावी. आधी हत्ती उचलून मग कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करावं. प्रत्येक वेळी तिनं घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "सर, टच मूव्ह." एक बारकावा पुष्कळ पालकांना माहीत नसतो: समोरच्याच्या टच मूव्हची तक्रार आपण आपल्या सोंगटीला हात लावण्याआधी करावी लागते. एकदा आपण चालायला सोंगटी धरली की तो हक्क गेला. नियमबाह्य चालीचंही तिला माहीत हवं. क्लासिकल डावात समोरच्यानं पहिल्यांदा तशी चाल केली तर हिच्या घड्याळात दोन मिनिटं वाढतात, त्याच खेळाडूनं दुसऱ्यांदा केली तर सहसा तो डावच हरतो. आणि डाव संपल्यावर निकालाच्या कागदावर सही करण्याआधी आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचायचं. लहान मुलांच्या स्पर्धांत रडारड होते ती बहुधा ह्याच दोन-तीन ठिकाणी. हा सराव आठवड्यातून एकदा केलात तर बापलेकीला हसत खेळायला निमित्त मिळेल, आणि रविवारी हॉलमध्ये त्यांना दाराशी उभं राहायचं कारण उरणार नाही.

रेटिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरातली अर्धी भीती ह्या आकड्यातून आली आहे. क्लासिकल रेटिंगमध्ये अठरा वर्षांपर्यंतच्या आणि २३०० च्या खालच्या खेळाडूंसाठी गुणक, म्हणजे एका डावानं आकडा किती हलेल ते ठरवणारी संख्या, ४० असतो. मोठ्या, मुरलेल्या खेळाडूंसाठी तो २० किंवा १० असतो. ह्याचा सरळ अर्थ असा की आपल्याच रेटिंगच्या खेळाडूकडून हरलं तर तुमच्या लेकीचे २० गुण जातात आणि जिंकलं तर २० मिळतात. तिचे ४५ गुण गेले म्हणजे दोन डाव आणि वर थोडं, एवढंच. मुलं झपाट्यानं शिकतात, त्यांचा आकडा त्यांच्या वेगानं हलता यावा म्हणूनच तो असा ठेवलाय. समोर बसलेल्या, कमी रेटिंगच्या सात वर्षांच्या मुलाचंही तेच. तो गेल्या तीन महिन्यांत किती शिकलाय हे त्याच्या आकड्यात अजून उतरलेलं नसतं. "एवढ्याशा पोराकडून हरलीस?" हे वाक्य म्हणूनच निराधार आहे.

आणि १४०० ची ती रेषा. ही तळाची मर्यादा १ मार्च २०२४ पासून लागू झाली, त्याआधी ती १००० होती. त्याच वेळी २००० खालच्या सगळ्यांचे आकडे एका सूत्रानं वर नेले. ११५० असलेल्याचं १४९० झालं. त्यामुळे ओळखीच्या कुणा मुलाचं दोन-चार वर्षांपूर्वी किती होतं ह्याच्याशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. १४०० च्या खाली गेलं तर यादीत ती पुन्हा बिनरेटिंगची दिसेल. शिकलेलं पुसलं जात नाही, स्पर्धा खेळायची दारं बंद होत नाहीत, रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव चांगले खेळली की आकडा परत मिळू शकतो. वयोगटाच्या निवड स्पर्धेत उतरायला रेटिंग लागतही नाही.

पराभवांचंही असंच. ह्या स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. जिंकलं की तेवढेच गुण असलेला, म्हणजे अधिक तगडा प्रतिस्पर्धी समोर येतो, हरलं की सोपा. ही पद्धतच प्रत्येकाला त्याच्या तोडीच्या माणसासमोर आणून बसवते. नऊ फेऱ्यांत साडेचार-पाच गुण मिळवणारी मुलगी ठीकठाक खेळत असते. दर रविवारी तीन-चार डाव हरणं हे ह्या खेळाचं रोजचं जेवण आहे. प्रत्येक हारीला घरात सुतक पाळायचं ठरवलं तर वर्षभर दुसरं काही करता येणार नाही.

दिव्या देशमुखचं उदाहरण तुमचे मिस्टर देतात. मलाही ती फार आवडते, तिच्यामुळे आपल्याकडच्या किती मुलींनी पट हातात घेतला असेल. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बातुमीला तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात भारताच्याच कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांत, हरवून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी, नव्हता, विजेती म्हणून तिला थेट किताब मिळाला. म्हणजे आकडे मांडून बसलेल्या कुणालाही हे आधी दिसलं नसतं. जिंकल्यावर ती रडत आईला बिलगली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ग्रँडमास्टर प्रज्ञानंदची आई नागलक्ष्मी देशोदेशी त्याच्यासोबत गेल्या, परमुलखातही त्याला घरचा रसम-भात मिळावा म्हणून स्वयंपाकाचं सामान घेऊन. गुकेशचे वडील शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, त्यांनी मुलासोबत हिंडता यावं म्हणून आपला व्यवसाय बाजूला ठेवला. तुमचे मिस्टर म्हणतात ते खरंच आहे, अशा मुलांमागे आईबाप झिजलेले असतात. पण ते कशात झिजले ते पाहा: प्रवासात, स्वयंपाकात, तासन्‌तास बाहेर वाट बघण्यात.

आणखी एक आकडा त्यांच्यापुढे ठेवा. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, दिव्या अठ्ठ्याऐंशीवी. सदतीस वर्षांत, एवढ्या मोठ्या देशात, अठ्ठ्याऐंशी. तुमची लेक त्या यादीत जाणार नाही असं मी म्हणत नाही, ते मला किंवा कुणालाच आज सांगता येणार नाही. पण ती गेली नाही तरी पंधराव्या वर्षी तिला पट मांडावासा वाटला पाहिजे. आजच्या पद्धतीनं चाललं तर बाराव्या वर्षीच ती तो कपाटात टाकेल, ही मला खरी काळजी आहे.

त्यांच्याशी बोलायचं ते कसं? रविवारी नाही, गाडीत नाही आणि मुलीसमोर तर मुळीच नाही. सुरुवात तक्रारीनं करू नका. सहा वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन सोंगट्या कशा चालतात ते शिकवणारा हा माणूस आहे, तिची हार त्यांना स्वतःला लागते, आणि ती लागते हे कुणी समजून घेतलं नाही की माणूस आवाज चढवतो. त्यांना तेच म्हणा. मग बरोबरीचा हिशेब सांगा, जसा मी वर मांडलाय तसा. बुद्धिबळ खेळलेल्या माणसाला तो लगेच कळेल. आणि फेरी सुरू असताना हॉलपासून लांब, चहाच्या टपरीपर्यंत किंवा जवळच्या बागेपर्यंत चालत जायला सांगा. पंच "पालकांनी बाहेर जावं" म्हणतात तेव्हा सगळ्यात आधी निघणारे तुम्ही दोघं असा. एंट्री फी, क्लास, प्रवास ह्यांचा खर्च मुलीसमोर कधीच काढू नका, हरल्यानंतर तर नाहीच.

"मला घोडाच कळतो" हे तुम्ही कमीपणा म्हणून लिहिलंत. मला त्यात तुमच्या लेकीची सोय दिसते. घरात एक माणूस असं आहे ज्याला ती डाव समजावून सांगू शकते आणि जे चूक काढू शकत नाही. तिला म्हणा, "मला शिकव." भाजी निवडताना पट शेजारी असू द्या. पोर शिकवायला लागली की तिचा आवाज कसा बदलतो ते ऐका.

पोटदुखीसाठी आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मनातलंच आहे असं गृहीत धरू नका. तपासण्या ठीक निघाल्या आणि दुखणं फक्त स्पर्धेच्या सकाळचं असेल तर वरच्या बदलांनी ते हळूहळू ओसरायला हवं. झोप उडाली, शाळेतही जाववेना, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, तर मुलांच्या समुपदेशकांकडे जायला उशीर करू नका. स्पर्धेच्या सकाळी पोहे, उपमा, केळं असं हलकंच द्या, डब्यात दहीभात. घोडबंदरची वाहतूक धरून दुप्पट वेळ हाताशी ठेवा. उशिरा पोचणाऱ्याचा डाव किती मिनिटांनी जातो ते प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकात दिलेलं असतं, ते आदल्या रात्री वाचा. फोन तुमच्याकडेच राहू दे, डावात खेळाडूच्या अंगावर फोन सापडला तर डाव जाऊ शकतो.

आता फॉर्म. आधी महिनाभर रेटिंगची एकही स्पर्धा नको. खेळ चालू राहू द्या: सोसायटीतल्या मुलांशी, सरांकडे, बाबांच्या लबाड सोंगट्यांशी. ह्या काळात जमलं तर एखादी छोटी, बिनरेटिंगची स्पर्धा तिला खेळू द्या आणि त्या दिवशी घरात कुणीच निकाल विचारायचा नाही असं आधीच ठरवा. तिथं ती बरोबरी मागते का, एवढं फक्त सरांना पाहायला सांगा.

मग फॉर्मची शेवटची तारीख यायच्या दोन-तीन दिवस आधी तिला विचारा, दोघांनी मिळून, पण उत्तर काय हवंय ते चेहऱ्यावर न आणता. जिल्ह्याच्या निवडीचं तिला काय वाटतं, खेळावंसं वाटतंय का. "हो" म्हणाली तर भरा, आणि त्या दिवशी बाबांनी दाराशी थांबायचं नाही हे आधी पक्कं करा. (हे वाचणाऱ्या खारघर-कामोठ्याच्या पालकांसाठी: नवी मुंबई म्हणून आपण सगळे एकत्र असलो तरी वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि तुम्ही रायगडमध्ये येता, तुमची निवड स्पर्धा वेगळी. फी भरण्याआधी हे तपासा.)

"नाही" म्हणाली तर कारण विचारू नका, फॉर्म तसाच राहू द्या. वयोगट १ जानेवारीच्या वयावर ठरतो. तिची जन्मतारीख पाहा, कदाचित पुढच्या वर्षीही ती अकराखालच्याच गटात बसेल. नाही बसली तर तेराखालचा गट आहे, त्यात तिला दोन वर्षं मिळतील. महिन्याभरानं मला पुन्हा लिहा. निकाल नको, तिनं तुम्हाला कॅसलिंग शिकवलं का ते कळवा.